वाचकांचे प्रश्न : नील यंगचा ‘ट्रान्स’, कंपनीचा खटला आणि यंत्रातून आलेला आवाज

गेल्या अंकात आम्ही रॉक गायक-गीतकार नील यंगच्या १९८२ च्या ‘ट्रान्स’ या एकल अल्बमचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर खानदेशातून पत्रं आली. काहींना खटल्याबद्दल विचारायचं आहे, काहींना त्या आवाजाबद्दल, तर दोघांना स्वतःच्या गाण्यांचं काम अडलं आहे. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न (भुसावळ) : ‘ट्रान्स’ चालला नाही म्हणून कंपनीने नील यंगवर खटला भरला, असं वाचलं. वाईट अल्बम काढला म्हणून गायकाला कोर्टात खेचता येतं का?

उत्तर : घटनांचा क्रम आधी नीट लावू. यंगने १९८१ चा ‘रिअॅक्टर’ काढून रिप्रीज ही जुनी कंपनी सोडली आणि डेव्हिड गेफनच्या नव्या कंपनीशी करार केला. दर अल्बममागे १० लाख डॉलर आणि कलात्मक निर्णयांचं पूर्ण स्वातंत्र्य अशा त्या करारातल्या दोन मोठ्या बाबी. पुढचं सगळं भांडण या दुसऱ्या बाबीवरून झालं.

यंगने आधी हवाईत ध्वनिमुद्रित केलेली, समुद्र आणि बेटांच्या वातावरणातली गाणी कंपनीला ऐकवली. ‘आयलंड इन द सन’ असं त्या अल्बमचं नाव ठरलं होतं. कंपनीला तो पसंत पडला नाही. यंगकडे तोवर सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य, थोडक्यात सिंथ) आणि व्होकोडर (माणसाचा आवाज यंत्रासारखा करणारं उपकरण) यांवर केलेली गाणी होती. त्यांतली सहा आणि हवाईची तीन अशी नऊ गाणी एकत्र करून डिसेंबर १९८२ च्या अखेरीस ‘ट्रान्स’ बाहेर आला. अमेरिकेच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत तो १९ व्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे अगदीच आपटला असं म्हणता येत नाही. मात्र ‘हार्वेस्ट’ (१९७२) पहिल्या क्रमांकावर नेणाऱ्या माणसाकडून कंपनीने यापेक्षा बरंच मोठं काही धरलं होतं.

खटला त्यानंतर लगेच झालेला नाही. १९८३ मध्ये यंगने पन्नाशीच्या दशकातल्या रॉक अँड रोल धाटणीचा, जेमतेम २५ मिनिटांचा ‘एव्हरीबडीज रॉकिन’ दिला. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने ३३ लाख डॉलरचा दावा ठोकला. हे अल्बम व्यापारी नाहीत आणि यंगच्या आधीच्या संगीताशी जुळत नाहीत, अशी तक्रार होती. थोडक्यात, नील यंग नील यंगसारखा वाजत नाही. यंगने २ कोटी १० लाख डॉलरचा उलटा दावा केला आणि करारातल्या स्वातंत्र्याच्या कलमावर बोट ठेवलं. पुढे तडजोड झाली, गेफनने माफीही मागितली. यंग मात्र १९८८ मध्ये रिप्रीजकडे परतला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : वाईट अल्बम हा गुन्हा होत नाही, भांडण होतं ते करारातल्या शब्दांवर. आमच्या मते कंपनीची बाजू कायद्याने कच्ची होती, पण तिची चिंता पोकळ नव्हती. ‘ट्रान्स’मधलं खरं दुखणं स्वभावाच्या बदलात नाही, जोडकामात आहे. दोन वेगळ्या अल्बमची गाणी एका तबकडीवर बसवली गेली. पहिलं गाणं साधं प्रेमाचं, हवाईचं. लगेच दुसऱ्यात माणसाचा आवाज जाऊन यंत्र बोलू लागतं. ऐकणारा अजून पहिल्याच्या धुंदीत असतो. चार यंत्रगाणी झाली की बाजू पालटते आणि पुन्हा हवाईचं गाणं लागतं. सहाही यंत्रगाणी सलग एका बाजूला असती, तर ऐकणाऱ्याला निदान कुठे उभं राहायचं ते कळलं असतं.

एका ताणाची चर्चा फारशी होत नाही. यांतल्या काही गाण्यांची सुरुवात ‘क्रेझी हॉर्स’ या त्याच्या जुन्या साथीदारांबरोबर झाली होती. नंतर यंगने त्याच टेपवर एकट्याने सिंथेसायझर आणि व्होकोडर चढवले. चौघांनी मिळून वाजवलेल्या गाण्याचा ताबा एकाकडे गेला. गिटारचा खरखरीतपणा काही ठिकाणी अजून तळाशी ऐकू येतो, आणि अल्बमची ती जागा आम्हाला सर्वांत जिवंत वाटते.

प्रश्न (धुळे) : दोनदा ऐकला. अर्ध्या गाण्यांत शब्दच कळत नाहीत. एवढ्या मोठ्या गीतकाराने आपलेच शब्द का झाकले?

उत्तर : कळू नयेत हाच हेतू होता, हे सत्तावीस वेळा सांगूनही तेव्हा कुणाला पटलं नसतं, आणि यंगने तर सांगितलंच नाही. त्याचा मुलगा बेन, जन्म १९७८ चा, सेरेब्रल पाल्सी या मेंदूशी संबंधित विकारामुळे बोलू शकत नव्हता. त्या काळात घरात रोजचे कित्येक तास त्याच्या व्यायामात आणि शिकवण्यात जात होते. बेनला खूप काही सांगायचं आहे आणि समोरच्याला ते समजत नाही, हा अनुभव व्होकोडरच्या आवाजात आहे. इथे ऐकणाराच समोरचा होतो. ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ हे गाणं तर थेट बेनसाठी आहे. त्यातलं बटण दाबून काहीतरी घडवणं हे घरातल्या खेळण्यातल्या रेल्वेशी जोडलेलं आहे. बेनला मोठं बटण दाबून आगगाडी चालवता यावी, अशी सोय यंगने केली होती.

यंगच्या मनात यासाठी व्हिडिओ होते : यंत्रासारखे बोलणारे लोक एका दवाखान्यात काम करत आहेत आणि एका बाळाला बटण दाबायला शिकवायचा प्रयत्न करत आहेत. ते बनलेच नाहीत. किल्ली घरात राहिली, कुलूप तेवढं बाजारात गेलं. त्यात १९८२ च्या उत्तरार्धात, अल्बम येण्याआधीच, तो ही गाणी घेऊन युरोपच्या दौऱ्यावर निघाला. जुनी गाणी ऐकायला आलेल्या लोकांना कधी न ऐकलेली गाणी न कळणाऱ्या आवाजात मिळाली.

यंगचा निर्णय आम्हाला पटतो, त्याचं मौन पटत नाही. मुलाच्या आजाराची जाहिरात त्याने करू नये, हे योग्यच. पण कव्हरवर दोन ओळी पुरल्या असत्या. १९९३ च्या ‘अनप्लग्ड’ या मैफलीच्या अल्बममध्ये त्याने ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ व्होकोडरशिवाय, साध्या वाद्यांवर म्हटलं, आणि मुळात ते किती हळवं गाणं आहे ते दहा वर्षांनी अनेकांना कळलं.

प्रश्न (अमळनेर) : आम्ही अहिराणी गाणी करतो. तो यंत्राचा आवाज घरी काढून पाहिला, पण नुसतं घुमतं, शब्द पूर्ण जातात. लॅपटॉप, एक कंडेन्सर माइक आणि कीबोर्ड आहे. काय चुकतंय?

उत्तर : व्होकोडरमध्ये दोन आवाज लागतात. एक तुमचा, जो फक्त आकार देतो. दुसरा सिंथचा, जो प्रत्यक्षात ऐकू येतो. यंत्र तुमचा आवाज खालपासून वरपर्यंत पट्ट्यांमध्ये वाटतं, प्रत्येक पट्टीचा चढउतार क्षणाक्षणाला मोजतं आणि सिंथची तीच पट्टी तेवढीच उघडतं. यंग वापरायचा त्या सेन्हायझरच्या व्हीएसएम २०१ मध्ये अशा २० पट्ट्या होत्या. स्वर खालच्या आणि मधल्या पट्ट्यांत असतात, ‘स’, ‘श’, ‘च’ यांची सळसळ साधारण ४ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास असते. तुमच्या सिंथमध्ये तिथे काही नसेल, तर पट्टी उघडूनही आवाज निघत नाही.

अहिराणीला याचा फटका जास्त बसतो. ‘शे’ (आहे) दर दुसऱ्या ओळीत येतं. ‘जास’, ‘सांगस’, ‘बोलस’ या रूपांचा शेवटच ‘स’वर आहे. तो गेला की क्रियापद तुटतं आणि ओळीचा अर्थ हातातून निसटतो. म्हणून पुढची काळजी घ्या.

कीबोर्डवरचा ‘फ्लूट’सारखा मऊ टोन घेत असाल तर तिथेच चुकतंय. तो वरच्या पट्ट्यांत रिकामा असतो. सॉटूथ लाट (करवतीच्या दात्यांसारखी, वरच्या पट्ट्यांतही भरलेली) घ्या. दोन सॉटूथ एकमेकांपासून ६-७ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) हलवा आणि फिल्टर पूर्ण उघडा ठेवा. त्यात पांढरा नॉइज (सगळ्या पट्ट्यांत पसरलेली सळसळ) मिसळा, सिंथपेक्षा साधारण १८ डेसिबल खाली. काही प्लगइनमध्ये ‘अनव्हॉइस्ड’ नावाची कळ असते. ती हेच काम फक्त व्यंजनांपुरतं करते, ती असेल तर तीच वापरा.

आवाजाच्या ट्रॅकवर ९० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर), मग ४:१ चा कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा) ५-६ डेसिबल दाबेल असा, मग ५ किलोहर्ट्झच्या वर ४ डेसिबल वाढ. डी-एसर (‘स’ची सळसळ कमी करणारा) इथे लावू नका, जे वाचवायचं आहे तेच तो कापतो. रिव्हर्बही (घुमारा) व्होकोडरच्या आधी कधीच नाही. त्याचं रेंगाळणारं शेपूट पट्ट्या उघड्या ठेवतं आणि तुम्ही म्हणता ते घुमणं बहुधा त्यातूनच येतं.

पट्ट्या १६ ते २४ ठेवा. ८ च्या खाली स्वर एकमेकांत मिसळतात. ४० च्या वर शब्द स्वच्छ होतात, पण यंत्राचा पोत पातळ होतो. अटॅक (पट्टी उघडायचा वेळ) २ ते ५ मिलिसेकंद, रिलीज (मिटायचा वेळ) ३० ते ४०. रिलीज १०० च्या पुढे गेला की भरभर म्हटलेली अहिराणी चिकटते. एफएल स्टुडिओ हे संगीताचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातलं व्होकोडेक्स पुरेसं आहे. टॅल-व्होकोडर फुकट मिळतं. त्यात ११ पट्ट्या आहेत आणि जुन्या धाटणीला तो छान बसतो.

एवढं करूनही शब्द पुसट वाटले तर खात्रीचा उपाय आहे. मूळ आवाजाची एक प्रत घ्या, ४.५ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं कापा आणि उरलेली सळसळ व्होकोडरखाली १२ डेसिबलने मिसळा. ऐकणाऱ्याला वेगळा आवाज जाणवत नाही, ‘स’ मात्र परत येतो. दोन्ही ट्रॅक वेळेत तंतोतंत जुळलेत का ते पाहा, काही मिलिसेकंदांचा फरकही व्यंजन दुहेरी करतो.

सूर कीबोर्डचा लागतो, गळ्याचा नाही, हेही ध्यानात ठेवा. तुम्ही घेतलेली मींड किंवा हरकत व्होकोडरमधून येणार नाही. ती बोटांनी, पिच-बेंडवर (कीबोर्डवरची सूर वर-खाली सरकवणारी कळ) घ्यावी लागते. ओळ संपेपर्यंत कळ सोडू नका, बोट उचललं की शब्द मध्येच बंद पडतो.

जळगाव-धुळ्याकडच्या उन्हाळ्यात कूलर लावून ध्वनिमुद्रण करणं टाळा. कूलरचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, म्हणून गाणं थांबलं तरी सिंथ सुसू करत राहतो. पहाटेची वेळ धरा किंवा आवाजाच्या ट्रॅकवर नॉइज गेट (गाणं थांबलं की ट्रॅक बंद करणारा) लावा. लॅपटॉपच्या चार्जरमुळे ५० हर्ट्झचा गुणगुणाट येत असेल, तर ध्वनिमुद्रणापुरता बॅटरीवर चालवा आणि बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. शेवटी मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. तिथे शब्द कळले तर डीजेच्या भिंतीवरही कळतील, उलटं होत नाही.

प्रश्न (शहादा) : आमच्या बँडचा गायक स्वतःचा वेगळा अल्बम करतोय. एक कंपनी पैसे द्यायला तयार आहे. कागदावर काय पाहावं?

उत्तर : आधी कॉपीराइट कायदा, १९५७. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो (कलम १९). कोणतं गाणं, कोणते हक्क, किती वर्षं आणि कोणत्या प्रदेशासाठी, हे चारही लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. कंपनीने घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तो संपतो. गाणी फडताळात ठेवून देणाऱ्या कंपनीविरुद्ध हे कलम उपयोगी पडतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क आहे आणि तो सही करून सोडताही येत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी शब्द किंवा चाल दिली आहे त्यांनी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं.

मग निर्णयांचा भाग. ‘पूर्ण स्वातंत्र्य’ एवढंच लिहून भागत नाही, यंगच्या बाबतीत तसं असूनही कोर्ट गाठावं लागलं. स्पष्ट लिहा : गाण्यांची निवड कोण करणार, कंपनीला डेमो किती दिवसांत नाकारता येईल, नाकारल्यास कारण लेखी द्यावं लागेल का, मिक्सच्या किती फेऱ्या. दोन फेऱ्या पुरतात, तिसरीत माणसं गाणं सोडून एकमेकांवर बोलू लागतात. नाकारलेली गाणी गायकाकडे परत येतील, हे वाक्य विसरू नका. ते नसलं की नाकारलेली गाणी पुढच्या अल्बममध्ये कोंबली जातात, आणि त्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

बँडच्या साथीदारांनी वाजवलेलं काढून टाकायचं असेल तर त्यांना आधी सांगा आणि वाजवल्याचे पैसे तरीही द्या. एका साथीदाराला ऐकून ‘हे नको’ म्हणण्याचा अधिकार द्यावा, असं आमचं आग्रहाचं मत आहे. बँडमध्ये ते आपोआप होतं. एकल अल्बममध्ये तो माणूस ठरवून नेमावा लागतो.

प्रश्न (चाळीसगाव) : ‘ट्रान्स’ ऐकायचा तर कुठून सुरुवात करू?

उत्तर : ‘अनप्लग्ड’ मधलं ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ आधी, शब्द डोळ्यांसमोर ठेवून. मग तेच ‘ट्रान्स’वरचं. त्यानंतर ‘कॉम्प्युटर एज’ आणि ‘सॅम्पल अँड होल्ड’. ‘मिस्टर सोल’ हे १९६७ चं ‘बफेलो स्प्रिंगफिल्ड’चं गाणं इथे यंत्राच्या आवाजात पुन्हा आलं आहे. मूळ आणि नवं पाठोपाठ लावा, म्हणजे व्होकोडरने काय घेतलं आणि काय दिलं ते कानांना कळेल. हवाईची तीन गाणी वेगळ्या दिवशी, वेगळा छोटा अल्बम समजून ऐका. त्यांतलं ‘लाइक अॅन इन्का’ मोठं आहे, त्याला वेळ द्या. आणि हेडफोनवर ऐका. व्होकोडरमागच्या गिटारी साध्या स्पीकरवर हरवून जातात.