कलरवर्कला 'रंगकाम' म्हणायचं का, आणि बॅन्शी म्हणजे हडळ का?

ताई, तुम्ही विचारलंय की आयरिश लोककथेवरून दोन रंगांत कानटोपी विणतेय, कडेने बॅन्शीच्या फण्यांची नक्षी आहे, तर मराठीत लिहिताना कलरवर्कला, म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या धाग्यांनी नक्षी विणण्याला, रंगकाम आणि बॅन्शीला हडळ लिहिलं तर चालेल का.

रंगकाम नको हो! रंगकाम म्हटलं की शिडी, डबे आणि भिंतीला डिस्टेंपर. आपल्याकडे वीण हा इतका छान शब्द आहे, सैल वीण, घट्ट वीण, वीण उसवली, मग सरळ 'दोन रंगांची वीण' म्हणा. दुरंगी म्हणू नका, त्यात दुतोंडीपणाचा वास येतो. मागून जो दुसरा रंग ओढत नेतो त्याला मी 'मागचा धागा' म्हणते, बास. तुमच्या नक्षीत दातांच्या ओळीत एक टाका रंगीत एक साधा, तिथे काही त्रास नाही, पण दातांवरची पट्टी सलग ९ टाक्यांची आहे, तिथे साधा धागा मागे लोंबत राहणार आणि टोपी घालताना त्यात बोटं अडकणार, म्हणून मधल्या टाक्याला तो अडकवून घ्या.

आता बॅन्शी. आयरिशमधे बॅन म्हणजे बाई आणि शी म्हणजे ते जुने मातीचे उंचवटे, ज्यांच्या पोटात अमानवी लोक राहतात असं तिकडे मानतात. म्हणजे उंचवट्यातली बाई. ती कुणाला धरत नाही की झपाटत नाही, जुन्या घराण्यातलं, म्हणजे आडनावाच्या सुरुवातीला ओ किंवा मॅक लागतं त्यांच्यातलं, कुणी जाणार असेल तर आधी येऊन गळा काढते. हडळ म्हटलं की हे सगळं उलटंच होतं, बॅन्शीच ठेवा आणि एका वाक्यात सांगून टाका.

आणि न विचारलेलं एक, फणी पण बदला. फणीला दोन्हीकडून बारीक दात, ती उवा-लिखांची. तुमच्या नक्षीत दात एकाच बाजूला, मग तो कंगवा झाला. तिकडे रस्त्यात पडलेला कंगवा उचलत नाहीत, बॅन्शीचा निघाला तर ती रात्री खिडकीशी येऊन रडते आणि मग तो चिमट्यात धरून बाहेर द्यावा लागतो, हाताने नाही, चिमटा वाकडा होऊन परत येतो म्हणे.