लेकीला मांजराचं पिल्लू आणलंत, आता एवढं करा

ताई, लेकीला मांजराचं पिल्लू आणल्याचं तुम्ही लिहिलंत, तिचा आनंद वाचूनच डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मुलानं पहिल्या दिवशी पिल्लाला छातीशी धरलं आणि त्याची गुरगुर ऐकून म्हणाला, "आई, याच्या पोटात गिरणी चालू आहे!"

पण लेकीला आजच सांगा, की पिल्लू दिवसातले सोळा-अठरा तास झोपतं, तेव्हा झोपेतून उचलायचं नाही. आधी जमिनीवर बसायचं, हात पुढे करून हुंगू द्यायचं, मग ते आपणहून मांडीत येतं. पहिले दोन-तीन दिवस एकाच खोलीत ठेवा. कोपऱ्यात जुनी सोलापुरी चादर घडी करून टाका. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, म्हणून पाण्याच्या दोन वाट्या सावलीत हव्यातच.

गाईम्हशीचं दूध नको. आपण सगळे प्रेमानं तेच पाजतो आणि पिल्लाला जुलाब होतात. पिल्लांसाठीचं तयार खाणं किंवा बिनमिठाचं उकडलेलं चिकन बारीक करून द्या. शेंगाचटणी लागलेला भाकरीचा तुकडा लेक मायेनं भरवेल, तिकडे लक्ष ठेवा, कारण लसूण-कांदा मांजराला विषारी. तापाची पॅरासिटामॉल तर कधीच नाही, एका गोळीनंही मांजर दगावतं.

पिल्लू आठ आठवड्यांचं झालं असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, जंताचं औषध आणि लसी ठरवून घ्या. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. लेकीला पिल्लाचा ओरखडा उठलाच तर साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुऊन लगेच दवाखाना गाठा.

नाव काय ठेवलं लेकीनं?