बाही, बाजू आणि हरवलेला झ

प्रश्न : माझं शिलाईचं दुकान आहे. 'बाही आखूड करा', 'बाजूनं अर्धा इंच सोडा' असं दिवसभर कानावर पडतं. संस्कृतात बाहू. मग बाही आणि बाजू दोन्ही त्यातूनच आले काय? माझी कन्नड मदतनीस बाहीला 'तोळु' म्हणते.
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, तोळु आधी वेगळा काढू. तो द्राविडी शब्द. कन्नडात दंडही तोळु आणि बाहीही तोळु.

आपली बाही संस्कृत बाहूची लेक. बाजू मात्र फारसीतून आली. तिकडं 'बाज़ू' म्हणजे दंड. आपल्या 'बाजूबंदा'त तो जुना अर्थ अजून दंडालाच बांधलेला आहे. बाहूपासून बाज़ू झाला नाही, की बाज़ूपासून बाहू. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन इराणी धर्मग्रंथात, 'बाज़ु' आहे, म्हणजे दोघं चुलत भावंडं. आजोबा कसा होता, ते शोधायचं.

मूळ आवाज ह की ज़? दोन्ही नव्हेत! गुडघ्याला संस्कृतात जानु, फारसीत ज़ानू. म्हणजे संस्कृतात एकीकडं ज, दुसरीकडं ह, आणि इराणी भाषांत दोन्हीकडं ज़च. फरक जुना असणार; इराण्यांनी तो पुसला. जानुमध्ये ज-सारखा आवाज होता, बाहूमध्ये तोच, पण श्वास मिसळलेला, आपल्या झ-जवळचा. संस्कृतानं त्यातला नुसता श्वास ठेवला, इराणीनं घर्षण.

आणि सुरुवातीला ब नव्हे, भ. याची साक्ष दूरचे नातलग देतात. इंग्रजीत फांदीला 'बाऊ' म्हणतात, तो याच कुळातला. मूळ साधा ब असता तर इंग्रजीत प झाला असता. म्हणून अभ्यासक साधारण 'भाझु' असं रूप मांडतात, आधी तारांकन लावून, कारण ते कुठंही लिहिलेलं सापडलेलं नाही. मग भ-चा ब कसा? भ, झ, ख असे श्वास मिसळलेले आवाज म्हणजे महाप्राण; लागोपाठच्या अशा दोघांतल्या पहिल्याचा श्वास संस्कृतात गळतो. हा नियम ग्रासमान या जर्मन गणितज्ञानं 1863 मध्ये मांडला.

मराठीची खोड उलटी, ती दुसऱ्याचा श्वास गाळते. प्राकृत भुक्खा, हिंदी भूख, आपली भूक. निपाणीला शिकवताना 'भूख' लिहिणाऱ्या एका पोराचा मी अर्धा गुण कापला होता. जुना ख त्याच्याच वहीत होता.