काही समाजांच्या मुलांना अभ्यासाची ओढच कमी असते का? (बडोदा, दांडिया बाजारातली शिकवणी)

नाही, ओढ कमी नसते. मार्क कमी पडतात, आणि त्याचं खापर आपण ओढीवर फोडतो. मी बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक मानसशास्त्र शिकवतो, त्या आधारे सांगतो. अमेरिकेत रॉस्लिन मिकेलसन यांनी 1990 मध्येच दाखवलं की कृष्णवर्णीय मुलांचा शिक्षणावरचा विश्वास भक्कम असूनही गुण मागे राहतात. आपल्याकडचा पुरावा तर जास्त बोलका आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैया सोडवायला दिली. जात कोणी विचारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांत फारसा फरक नव्हता. मग सगळ्यांसमोर मुलाचं नाव, बापाचं, आजोबांचं, आणि शेवटी जात मोठ्याने वाचली, तर दलित मुलांची कोडी कमी सुटली. मुलं तशीच, कोडीही त्याच प्रकारची!

म्हणून शिकवणीत एवढं करा:
- शिष्यवृत्तीचे फॉर्म नावं पुकारून वाटू नका, बाजूला बोलावून द्या.
- 'तुमच्यात कोणी शिकलंय का?' हे चेष्टेतही नको. (आपल्याकडे हे सर्रास चालतं.)

मात्र सगळा फरक यानेच पडतो असं नाही. अशा परिणामांवर नंतर झालेल्या अभ्यासांत तो बऱ्याचदा लहान निघालाय, आणि घरी अभ्यासाला जागा नसणं, पुढच्या इयत्तेची फी भरायची की नाही ही धाकधूक, ही कारणं वर्गाबाहेरची आहेत.