फोटो नीट बघूनही चूक झाली, मी निष्काळजी आहे का?

पतसंस्थेच्या काउंटरवर अठरा वर्षं काढलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बसल्याबसल्या त्यांनी पर्समधून घडी घातलेला मेमो काढला. एका धाकट्या भावानं थोरल्याच्या खात्यातून पैसे काढले होते. सही हुबेहूब, फोटो थोरल्याचा, समोर उभा धाकटा. बाईंनी रक्कम देऊन टाकली. मेमोतला शब्द होता ‘निष्काळजीपणा’.

“मी फोटो नीट बघितला होता हो मॅडम. मला तो तोच वाटला. आता एकेक फोटो तीनतीनदा बघते, रांग वाढते, लोक ओरडतात. माझं डोकं चालेनासं झालंय का?”

मी आधी विचारलं, हे अलीकडे एकाएकी सुरू झालं का? डोक्याला मार, अर्धांगाचा झटका असं काही? तसं असतं तर मी त्यांना आधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं. अनोळखी चेहऱ्यांचा घोळ लहानपणापासूनचा. घरच्यांचं मात्र पक्कं: पंधरा वर्षांनी भेटलेला, दाढी वाढवलेला मावसभाऊ त्यांनी स्टँडवर लगेच ओळखला होता. म्हणजे जवळच्यांचे चेहरेही ओळखू येत नाहीत तो प्रोसोपॅग्नोशिया इथे नव्हता.

ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा ही मेंदूसाठी दोन वेगळी कामं आहेत, हे मला त्यांना पटवायचं होतं. 2011 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगितला. दोन डच प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी 20 फोटो एकत्र मिसळून दिले आणि माणसागणिक ढीग लावायला सांगितलं. त्यांना न ओळखणाऱ्या ब्रिटिशांनी साधारण 7-8 ढीग लावले. डच लोकांना मात्र दोनच माणसं दिसली. फोटो तेच, डोळे तसेच.

“पण मला तर सवय आहे, अठरा वर्षांची,” बाई म्हणाल्या. खरा सल तो होता. मग ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांचं सांगितलं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समोरच्या माणसाऐवजी दुसऱ्याचाच फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी 14 टक्के वेळा तो मान्य केला. नोकरीच्या वर्षांनी फरक पडलेला दिसला नाही. फरक होता तो माणसामाणसांत. त्याच खात्यात कुणी जवळजवळ अचूक, कुणी वारंवार चुकणारा. हुशारीशीही याचा फारसा संबंध लागत नाही. सूर कानाला लगेच कळणं जसं कमीजास्त असतं, तसंच हे.

त्या मेमोतल्या शब्दाला माझा आक्षेप आहे. निष्काळजी माणूस फोटो बघत नाही. यांनी बघितला होता.

पुढच्या दोन बैठका आम्ही मेमोच्या उत्तरावरच घालवल्या. जबाबदारी झटकायची नाही, पण कबूल करायचं ते खरं तेवढंच. रक्कम मोठी असेल तर दुसऱ्या कर्मचाऱ्यानं स्वतंत्रपणे फोटो पडताळावा आणि नोंदवलेल्या मोबाइलवर फोन करावा, अशी विनंती त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिली. फोटो बघतानाही ‘एकंदर सारखा वाटतो’ यावर थांबायचं नाही. कानाची ठेवण, तीळ, जुना व्रण एकेक करून ताडायचा, असं ठरलं. याने चूक कायमची टळेल असं मी म्हटलं नाही. तीनतीनदा बघणं मात्र हळूहळू सुटलं.

शेवटच्या बैठकीत जुळ्यांचा विषय निघाला. चेहरे लक्षात ठेवण्याच्या चाचणीत एकसारख्या जुळ्यांचे गुण इतर जुळ्यांपेक्षा कितीतरी जास्त जुळतात, म्हणजे यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, असं मी सांगत होते. बाईंनी मला मध्येच थांबवलं.

“आमचे अण्णा बाजारात समोर येईल त्याला हात जोडून ‘काय पाव्हणं, बरं आहे ना?’ म्हणायचे. नाव कधी घ्यायचे नाहीत. लोक म्हणायचे, केवढा प्रेमळ माणूस.” त्या हसल्या, मग बराच वेळ गप्प राहिल्या. “त्यांना कुणीच ओळखू येत नसेल का हो?”