अ‍ॅडमिन असूनही ‘परवानगी नाही’ का?

प्रश्न : घरच्या विंडोज संगणकावर एकच खातं आहे, तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. तरी ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधली सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये बदलली की सेव्ह होत नाही.

उत्तर : नकार तुम्हाला नाही, नोटपॅडला मिळतोय. व्हिस्टापासून अ‍ॅडमिनने लॉग-इन केलं की विंडोज दोन टोकन, म्हणजे ओळखपत्रं, तयार करते: एक पूर्ण अधिकारांचं, दुसरं साध्या वापरकर्त्याचं. नेहमीसारखा उघडलेला प्रोग्रॅम साधं ओळखपत्र घेऊन चालतो. त्यामुळे चुकून उघडलेली घातक फाइलही न विचारता सिस्टिमच्या फोल्डरमध्ये शिरू शकत नाही. म्हणून ‘बदल करू द्यायचे का?’ ही विंडोजची विचारणा कायमची बंद करू नका.

स्टार्टमध्ये नोटपॅड शोधा, राइट-क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा, मग फाइल मेनूतल्या ‘ओपन’मधून ती फाइल उघडा. यादीत दिसली नाही, तर खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. बदलण्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवाच.

प्रश्न : बंद पडलेल्या संगणकाची डिस्क नव्याला जोडली. फोटोंचं फोल्डर उघडत नाही. खात्याचं नाव तर दोन्हीकडे सारखंच आहे!

उत्तर : विंडोज नाव पाहत नाही, खात्यामागचा ओळख क्रमांक पाहते आणि तो प्रत्येक संगणकावर वेगळा असतो. आधी ‘परवानगी नाही’ सांगणाऱ्या खिडकीत ‘कंटिन्यू’ दाबून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यानं वाचण्याची परवानगी मिळते. फोल्डर मोठं असेल तर वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

तरीही अडलं, तर फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड. ‘ओनर’समोरचं ‘चेंज’ दाबून आपलं खातं लिहा आणि ‘चेक नेम्स’ करा. आतल्या फोल्डर-फाइलींचाही मालक बदलण्याची चौकट टिक करायला विसरू नका; बहुतेकांचं काम तिथेच अडतं. ओके करून खिडक्या बंद करा, पुन्हा तिथेच येऊन ‘अ‍ॅड’मधून स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्या. मालकी मिळाली म्हणजे परवानगी मिळालीच असं नसतं, म्हणून ही दुसरी फेरी. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर मात्र रिकव्हरी की किंवा पासवर्डच लागेल. मालकी बदलून काही होणार नाही.

प्रश्न : याच पद्धतीने ‘विंडोज’ फोल्डरची मालकी घेऊन जागा मोकळी करू का?

उत्तर : मुळीच नको. तिथल्या बहुतेक फाइलींचा मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’, म्हणजे अपडेट बसवणारी विंडोजचीच सेवा, असतो. परवानग्या विस्कटल्या की अपडेट अडकू शकतात. जागेसाठी सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, ‘टेम्पररी फाइल्स’ हाच मार्ग घ्या.

प्रश्न : एक गेम अ‍ॅडमिन म्हणून चालवूनही ‘डॉक्युमेंट्स’मध्ये सेव्ह करत नाही.

उत्तर : ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू असावं. खंडणीखोर व्हायरसपासून वाचवणारी ही सोय अ‍ॅडमिन अधिकारांनाही जुमानत नाही. विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधून ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ उघडा, तिथे ‘अलाउ अ‍ॅन अ‍ॅप’मध्ये फक्त तो गेम चालवणारी .exe फाइल जोडा आणि गेम बंद करून पुन्हा सुरू करा.