पेस खांद्यातून येत नाही रे

अरे, तुझे फास्ट बोलिंगचे तिन्ही व्हिडिओ बघितले. पहिलं म्हणजे तुझी ॲक्शन वाईट नाहीये, त्यामुळे कुणी म्हणाला की सगळं मोडून नव्याने बसवू तर त्याला लांबूनच हात जोड. आणि ते मोबाईल ॲपवरचे आकडे मनावर घेऊ नकोस, त्या ॲपच्या हिशोबाने तू शोएब अख्तरच्या ताशी १६१.३ किलोमीटरच्या विक्रमाच्या अगदी मागोमाग आहेस!

तू विचारलंस स्पीड वाढवायला खांद्याचे कुठले व्यायाम करू. कर की, नको कोण म्हणतंय, पण तुझा स्पीड गळतोय तो गुडघ्यातून. साईडने काढलेला स्लो मोशन व्हिडिओ लाव आणि पुढचा पाय टेकतो तिथे पॉज कर. टाच टेकते तेव्हा पाय बऱ्यापैकी सरळ आहे, मस्त. आता बोटाने हळूहळू पुढे सरकव, बॉल सुटेपर्यंत. दिसलं का, गुडघा कसा खाली बसत जातो, स्टूलवर टेकायला निघाल्यासारखा? एवढं लांबून पळत आलास ती सगळी ताकद त्या गुडघ्याने पिऊन टाकली आणि मग बॉल नुसत्या खांद्याने ओढावा लागतो. भरधाव सायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबला की आपण हॅण्डलवरून पुढे फेकले जातो ना, तसंच आहे हे, खाली पाय थांबला तरच वरचं अंग त्याच्यावरून फेकलं जातं. बुमराहचा रनअप केवढासा, धड पळतोय असंही वाटत नाही, पण पुढचा पाय टेकला की खांब.

फक्त उद्यापासून नेट्समध्ये पाय ताठ ठेवायच्या मागे लागू नकोस. त्या पायावर त्या क्षणी अंगाच्या वजनाच्या पाच-सहा पट भार सहज येतो, तो पेलायची ताकद नसेल तर गुडघा वाकणारच, ते शरीराचं शहाणपण आहे. आधी एका पायावरचे स्क्वॉट, पायरीवरून सावकाश उतरणं, एका पायावर उडी मारून स्थिर उभं राहणं, हे दोनेक महिने. मग तीन पावलांत बोलिंग, मग अर्धा रनअप, मग पूर्ण.

हाताचं थोडक्यात सांगतो, तुझा बोलिंगचा हात घाई करतो. पुढचा पाय टेकतो तेव्हा तो अजून मागेच राहायला हवा, आधी छाती पुढे यायची, हात शेवटी.

रनअपमध्ये तू पहिल्या पावलापासून सुसाट सुटतोस आणि शेवटची चार पावलं क्रीज शोधत बारीक करतोस, म्हणजे कमावलेलं तिथेच घालवतोस. क्रीज नसलेल्या मोकळ्या गवतावर पळ, जिथे आपोआप उडी येईल तिथे मार, मित्राला खूण करायला सांग. दहा वेळा कर, खुणा जिथे जास्त पडतील तेवढा तुझा रनअप.

आता मेसेजच्या शेवटी जे तू जाता जाता लिहिलंयस, 'डावी बाजू कमरेत जरा धरते', त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ अडकलो. उजव्या हाताने टाकणाऱ्याची डावी कंबर दुखते आणि मागे वाकल्यावर जास्त दुखते तेव्हा ते स्नायूचंच असेल असं धरून चालायचं नाही, मणक्याच्या हाडाला बारीक चीर असू शकते. तुझ्या वयात ते हाड अजून पक्कं व्हायचंय. मी सतरा वर्षांचा असताना असंच मलम चोळून महिनाभर टाकत राहिलो, साध्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही म्हणून अजून टाकत राहिलो, शेवटी एमआरआयमध्ये सापडलं आणि आठ महिने बॉलला हात नाही लावला. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर डेनिस लिली, त्यालासुद्धा १९७३ मध्ये पाठीला असेच फ्रॅक्चर झाले होते, बरं होऊन त्याने ॲक्शन सुधारून घेतली आणि आला परत, पण थांबला म्हणून आला.

तेव्हा बोलिंग आजपासून बंद, वर सांगितलेलं सगळंही बंद. स्पोर्ट्सच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरकडे जा आणि आपण फास्ट बोलर आहोत हे त्यांना आधी सांग, नुसती कंबर दुखते म्हणू नकोस. काय म्हणाले ते कळव, नवीन व्हिडिओ त्यानंतर.